कुंडीतून कड्यावर

शिंदळ माकुडी शास्त्राला ठाऊक झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, जुन्नरच्या परिसरातून. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातल्या डालझेल यांनी तिचं वर्णन केलं आणि त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर, शेळीचंही पाऊल पोचणार नाही अशा जागी, ती कातळाच्या चिरेत तग धरून असते. खोड मांसल, पानं पावसाळ्यात येणारी, फुलं गडद तांबडी आणि त्यांवर पिवळे ठिपके. तिची जवळची भावंडं पानं जवळजवळ गमावून बसली आहेत, हिने ती राखली. १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पती निवडल्या, त्यांत आपल्या किल्ल्यांवरची ही माकुडी होती.

पण ही वनस्पती वाढवायला मुळीच अवघड नाही. खोडाचा तुकडा कापावा, कापलेली बाजू सुकू द्यावी, वाळू मिसळलेल्या मातीत खोचावा, बहुधा जगतो. त्यामुळे ती उद्यानांमध्ये आहे आणि परदेशातल्या हौशी मंडळींच्या काचघरांतही आहे. दरम्यान सह्याद्रीत तिची आणखीही ठिकाणं सापडली. मग ती वाचली असं म्हणायचं का? कुंड्यांतल्या शंभर माकुड्या एकाच खोडाच्या तुकड्यांपासून केलेल्या असतील, तर त्या शंभर रोपांत आनुवंशिक सामग्री एकाच रोपाची आहे. कड्यावर तिच्या फुलांवर येणाऱ्या माश्या, चिरेतली चिमूटभर माती, उन्हाळ्याचा वणवा, एखादी कोसळणारी दरड या सगळ्यांशी तिचा रोजचा व्यवहार चालू असतो. कुंडीत तो थांबतो. देशी वनस्पती जपण्यासाठी उभारलेल्या उद्यानांचा आढावा घ्यायचा तर दोन प्रश्न विचारावे लागतात. तिथे नेमकं काय जपलं जातं? आणि जपलेलं पुन्हा रानात जातं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर पहिल्याचं उत्तर कितीही मोठ्या आकड्यात दिलं तरी ते अपुरं, असं माझं मत आहे.

आपल्याकडची जुनी उद्यानं या कामासाठी निघालीच नव्हती. कोलकात्याजवळ शिवपूरला १७८७मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी बाग काढली, ती जहाजांसाठी साग आणि व्यापारासाठी मसाले डोळ्यांपुढे ठेवून. मुंबई इलाख्यात १८२८मध्ये पुण्याजवळ दापोडीला बाग सुरू झाली. आज दापोडी म्हटलं की लोकल आणि कारखाने आठवतात, पण १८३८पासून तिथे अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर अधीक्षक होते आणि बाहेरून आणलेली उपयोगी झाडं इथे रुजतात का, औषधी अर्क इथेच काढता येतात का, याचे प्रयोग चालत. बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रं गिब्सन यांनी एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. अतिशय नजाकतीची ही चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. पुढे १८४७मध्ये गिब्सन इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, कोकणातल्या जंगलतोडीबद्दल सरकारला बजावत राहिले, आणि १८६१मध्ये डालझेल यांच्याबरोबर ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. म्हणजे परदेशी झाडं रुजवण्यासाठी नेमलेल्या माणसाच्याच हातून देशी वनस्पतींची यादी झाली.

असंच पुण्यातल्या गणेशखिंडीचं. तिथली बाग १८७३ची. तिचे अधीक्षक मार्शल वुड्रो महाबळेश्वरापर्यंत हिंडून वनस्पती गोळा करत. त्यांच्या नावाची क्रायनम वुड्रोई ही कंदवर्गीय वनस्पती नंतर शंभर वर्षं कुणाला दिसलीच नव्हती, अलीकडे ती महाबळेश्वर परिसरात पुन्हा सापडली. गणेशखिंडीच्या बागेला २०२०मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं, हे बरंच झालं. शहराने चहूबाजूंनी वेढलेल्या जागेत जुनी झाडं टिकली आहेत ती या बागांच्या भिंतींमुळे.

याच बागांनी नुकसानही केलं आणि तेही आढाव्यात यायला हवं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून आली. आज मेळघाटपासून बांदीपूरपर्यंत जंगलाखालची जमीन तिने व्यापली आहे, तिच्याखाली गवत उगवत नाही आणि गवताशिवाय चितळ-सांबरांचं भागत नाही. जलपर्णीची कथा याच वळणाची. सुंदर म्हणून आणलेलं झाड कुंपण ओलांडून गेलं की ते परत आणता येत नाही. त्यामुळे देशी वनस्पतींच्या उद्यानाचं पहिलं काम काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आत काय येऊ द्यायचं नाही हे ठरवणं.

एका देशाच्या फक्त देशी वनस्पतींसाठी उद्यान काढायचं, ही कल्पना ठळकपणे प्रत्यक्षात आली दक्षिण आफ्रिकेत. केपटाऊनला टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर किर्स्टनबॉश हे उद्यान १९१३मध्ये सुरू झालं. ही जमीन सेसिल ऱ्होड्स यांनी मृत्युपत्रात राष्ट्रासाठी ठेवली होती, पण तिथे डुकरं मोकाट चरत होती आणि तण माजलं होतं. हॅरल्ड पिअर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जवळजवळ पैशाविना काम सुरू केलं, तीन वर्षांत ते न्यूमोनियाने वारले आणि त्याच बागेत त्यांना पुरलं. जागेची निवड त्यांचीच, आणि फार शहाणपणाची. उद्यानाची एकूण जमीन ५२८ हेक्टर, पण मशागत केलेली बाग ३६ हेक्टरांच्या आसपास. बाकी सगळा डोंगर, त्याच्या नैसर्गिक झाडोऱ्यासकट. केपच्या या चिमुकल्या पट्ट्यात सुमारे ९ हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बाग रानाला लागून असल्यामुळे माळ्याला आपल्या वाफ्यातल्या झाडाचं रानातलं रूप चालत जाऊन बघता येतं. कागदावर ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण उद्यान चालवणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठी सोय नाही.

किर्स्टनबॉशला सापडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केपच्या झुडुपी रानाला फिनबॉस म्हणतात. तिथल्या कित्येक वनस्पतींचं बी पेरलं तर उगवायचंच नाही. माती बदला, पाणी बदला, थंडीत ठेवा, काही उपयोग नाही. हे रान दर काही वर्षांनी पेटतं आणि राखेतून पुन्हा उभं राहतं, तेव्हा उष्णतेमुळे बी उघडत असेल असा समज होता. १९९०च्या सुमारास तिथल्या संशोधकांना उलगडा झाला की अनेक जातींत काम करतो तो धूर. धुरातली रसायनं पाण्याबरोबर बियांत मुरली की बी जागं होतं. मग किर्स्टनबॉशच्या रोपवाटिकेत बी पेरलेले ट्रे तंबूत मांडून त्यात धूर सोडायला सुरुवात झाली, धुराचं पाणी मुरवलेले कागद सामान्य बागप्रेमींना विकायला ठेवले गेले, आणि जी झाडं बागेत कधीच वाढली नव्हती ती शेकड्यांनी वाढू लागली. झाड रानात कसं जगतं हे नीट कळल्याखेरीज ते कुंडीतही जगत नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मिळणं कठीण.

एरिका व्हर्टिसिलाटा या झुडपाची हकीकत तर आणखी पुढची आहे. केपटाऊनच्या सखल ओलसर वाळूत, गुलाबी नळीसारख्या फुलांनी लगडणारं हे झुडूप. शहर वाढलं, जमीन गेली, फुलं विकण्यासाठी तोडली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते रानातून संपलं. १९८०च्या दशकात शोध सुरू झाला तेव्हा त्याची रोपं निघाली ती उद्यानांत. एक प्रिटोरियाच्या बागेत, काही लंडनच्या क्यू उद्यानात, काही व्हिएन्नाच्या जुन्या राजउद्यानात, जिथे ते अठराव्या शतकाच्या अखेरीस गेलं होतं. वेगवेगळ्या जागची रोपं एकत्र आणल्यामुळे थोडंफार आनुवंशिक वैविध्य हाती आलं. १९९४मध्ये केपटाऊनच्या राँडव्लेई अभयारण्यात ते परत लावलं गेलं. शिंजीर पक्षी फुलांवर आले, बी धरलं. हे काम अजून संपलेलं नाही, कारण जमीन लहान आहे आणि तिथेही आग लावून रान ताजं ठेवावं लागतं. तरीही उद्यान म्हणजे काय याची व्याख्या मला या झुडपाच्या प्रवासात दिसते.

किर्स्टनबॉशचं सगळंच सोज्वळ नाही. बागेत जंगली बदामाच्या कुंपणाचा एक तुकडा अजून उभा आहे. १६६०मध्ये डच वसाहतवाल्यांनी ते कुंपण लावलं ते तिथल्या मूळ खोईखोई गुराख्यांना त्यांच्याच कुरणांबाहेर ठेवण्यासाठी. देशी झाड जपायचं आणि देशी माणसाला हाकलायचं, असं जगात अनेक ठिकाणी झालं आहे. आपल्या अभयारण्यांच्या इतिहासातही ते आहे. शिवाय दुर्मीळ वनस्पती एका जागी गोळा केली की चोरालाही सोय होते. २०१४च्या ऑगस्टमध्ये किर्स्टनबॉशमधून सायकड गटातल्या एन्सेफालार्टॉसच्या एका अतिदुर्मीळ जातीची २४ रोपं चोरीला गेली. रानात या जातीची शंभरही झाडं उरलेली नाहीत.

जगाचा हिशेब काय सांगतो तेही पाहू. २०१७मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जगभरच्या वनस्पतिउद्यानांच्या नोंदी एकत्र करून अभ्यास प्रसिद्ध केला. ज्ञात वनस्पतिजातींपैकी किमान ३० टक्के कुठल्या ना कुठल्या उद्यानात आहेत, आणि धोक्यात म्हणून नोंदलेल्यांपैकी ४१ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की समशीतोष्ण प्रदेशातल्या ६० टक्के जाती उद्यानांत आहेत, तर उष्ण कटिबंधातल्या जेमतेम २५ टक्के. जिथे वनस्पती जास्त तिथे उद्यानं कमी, आणि युरोप-अमेरिकेच्या काचघरांत आपली झाडं ठेवायची तर हीटरचा खर्च आला. त्यातच २००२च्या जागतिक वनस्पती संवर्धन धोरणाचं लक्ष्य नंतर असं ठरलं की २०२०पर्यंत धोक्यातल्या ७५ टक्के जाती, त्याही शक्यतो मूळ देशातच, संग्रहात असाव्यात आणि त्यांतल्या २० टक्के तरी रानात परत लावण्याच्या कार्यक्रमांसाठी उपलब्ध असाव्यात. वर्ष उलटलं, लक्ष्य गाठलं गेलं नाही.

पश्चिम घाटात सुमारे ७,४०० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, त्यांपैकी १,२७०च्या आसपास प्रदेशनिष्ठ, म्हणजे या डोंगररांगेबाहेर न आढळणाऱ्या. त्यांना आसरा देणाऱ्या उद्यानांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते वायनाडमधलं गुरुकुल. वुल्फगांग थॉयरकाऊफ हा जर्मन तरुण नारायण गुरुकुलाच्या ओढीने केरळात आला आणि १९८१मध्ये पेरिया गावाजवळ, पावसाळी जंगलाच्या कडेला त्याने हे काम सुरू केलं. तो काही पदवीधर वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. रस्ता रुंद होतोय, धरण होतंय, चहामळ्यासाठी झाडं पडताहेत असं कळलं की तिथल्या झाडांवरची आमरं, नेचे, तेरडे, शेवाळं उचलून आणायची, सावली-ओल-वारा बघून त्यांना जागा शोधायची, असं चालू झालं. २०१४मध्ये तो गेला, तोवर पश्चिम घाटातल्या दोन हजारांच्या आसपास जाती तिथे रुजल्या होत्या. बरंचसं काम तिथल्या आसपासच्या स्त्रिया करतात. त्यांच्यापैकी अनेकींना रोपाला पाणी कमी झालं की जास्त हे पान हातात घेतल्यावर कळतं, आणि आमराच्या कोणत्या जातीला कोणत्या झाडाची साल मानवते हे तोंडपाठ आहे. तिथल्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या सुप्रभा शेषन यांना २००६मध्ये निसर्गसंवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. बागेबरोबरच त्यांनी आसपासची पडीक झालेली जमीनही जंगलाला परत दिली. तण काढायचं, सावली देणारी पहिली झाडं येऊ द्यायची, मग नाजूक जाती आणायच्या. फार मोठं क्षेत्र नाही, पण बागेतून रानाकडे जाणारी वाट तिथे खरोखरच चालू आहे.

केरळातच पालोडला १९७९पासून सरकारी उष्णकटिबंधीय उद्यान आहे, मोठं आणि शास्त्रोक्त. काणी आदिवासींच्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून केलेल्या औषधाच्या उत्पन्नातला वाटा त्यांना देण्याचा प्रयोग तिथलाच. पुदुच्चेरीजवळ ऑरोविलचं उद्यान किनाऱ्यालगतच्या शुष्क सदाहरित जंगलासाठी काम करतं.

राजस्थानातला राव जोधा उद्यानाचा प्रयोग मात्र थांबून पाहावा असा आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टरांचा ज्वालामुखी खडक. त्यावर मेक्सिकोकडची वेडी बाभूळ माजलेली. १९३०च्या दशकात महाराजांनी तिचं बी विमानातून फेकवलं होतं असं सांगतात. २००६मध्ये वृक्ष-अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्याकडे ही जागा पुन्हा मरूभूमीच्या देशी वनस्पतींसाठी तयार करण्याचं काम आलं. बाभूळ कापली तर फुटते, जाळली तर फुटते, विष घातलं तरी फुटते. मूळ खडकातून हात-दीड हात खोल खणून काढलं तरच मरते. ते काढलं कुणी? जोधपूरच्या वाळुकाश्माच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या खंडवालियांनी. ते हातोडीने खडकावर ठोकायचे आणि आवाजावरून भेग कुठे, किती खोल, हे सांगायचे. मग छिन्नीने तिथेच फोडायचे. मूळ निघून उरलेल्या त्या खड्ड्यांतच खडकावर जगणारी देशी झुडपं, थोर, गवतं लावली गेली. या उद्यानाचा अर्धा वनस्पतिशास्त्रज्ञ खंडवालिया आहे, असं मी तरी मानतो.

आता आपल्या घरात येऊ. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतून उभं राहिलेलं प्रमुख वनस्पतिउद्यान आहे. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे जमवलेला कंदीलपुष्पांचा संग्रह देशात नाव घेण्याजोगा आहे. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. भारतात त्याच्या पन्नासहून अधिक जाती, बहुतेक प्रदेशनिष्ठ, आणि सर्वाधिक महाराष्ट्रात. एक फक्त अंजनेरीची म्हणून प्रसिद्ध झालेली, एक हरिश्चंद्रगडाची, एक पाचगणीची. किल्ल्यांच्या नकाशावर बोट ठेवत जावं तशी ही यादी वाचता येते. गावकऱ्यांना यातल्या काही खर्पुडी म्हणून, काही हनुमान बटाटा म्हणून ठाऊक, कारण यांचे कंद खातात. गुराखी खातात, साळिंदर खातं, रानडुक्कर उकरून खातं.

फूल जवळून पाहिलं तर कुणीही थक्क होईल. खाली फुगीर कोठी, वर अरुंद नळी, आणि तोंडाशी पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. वासाने ओढलेली बारीक माशी आत शिरते. नळीत खालच्या बाजूला वळलेले केस असतात, त्यांवरून आत घसरता येतं पण बाहेर चढता येत नाही. माशी कोठीत अडकते, धडपडते, त्या धडपडीत परागांच्या पुड्या तिच्या तोंडाला चिकटतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत केस सुकून गळतात, फूल झुकतं, माशी सुटते आणि पुन्हा त्याच जातीच्या फुलात जाऊन फसते. ती माशी नसेल तर बागेत कितीही फुलं आली तरी शेंग धरेलच असं नाही, आणि सुईने ते काम हाताने करणं हा नाजूक उद्योग आहे. शेंगांची जोडी पिकून तडकली की केसाळ बी वाऱ्यावर जातं, म्हणून तडकण्याआधी तिला मलमलची पिशवी बांधावी लागते. पावसाळा संपला की वेल वाळतो, कंद जमिनीत झोपतो. तेव्हा कुणी नव्या माणसाने काळजीपोटी कुंडीला पाणी घातलं की कंद कुजला म्हणून समजा. कोरड्या कुंड्या रांगेने पडल्यात म्हणून बाग मेली असं पाहुण्यांना वाटतं, पण ते महिने खरे राखणीचे असतात. तिथे वाढवलेली काही रोपं मूळ जागी परत लावण्याचे प्रयोग झाले आहेत. कोल्हापूरच्या बागेची थोरवी माझ्या मते या प्रयोगांत आहे, संग्रहातल्या संख्येत कमी.

सगळंच असं वाढवता येत नाही, हे मान्य करायला हवं. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर काही सेंटिमीटर माती असते. पावसाळ्यात ती पाण्याखाली, मे महिन्यात भाजलेली. त्या मातीत गेंद, सीतेची आसवं, वायतुरा वाढतात. सीतेची आसवं कीटकभक्षी, जमिनीतल्या फुग्यांनी बारीक जीव टिपणारी. कुंडीत हे सगळं उभं करायचं म्हणजे पठारच उचलून आणायला हवं. सह्याद्रीतली आमरं विशिष्ट बुरशीशिवाय उगवत नाहीत. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांवर अर्धं जगतं, म्हणून शेतकरी त्याच्याशेजारी तूर लावतो. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे इथे आणि गोव्यात सत्तरीच्या निरंकाराच्या रायीत रानजायफळाची दलदल उरली आहे. गुडघ्यासारखी मुळं चिखलाबाहेर काढून उभी असलेली ती झाडं. त्यांचं बी सुकवून थंडीत साठवता येत नाही, सुकलं की मेलं. बियांच्या बँकांचा जगभर मोठा बोलबाला आहे, पण पावसाळी जंगलातल्या मोठ्या बियांच्या झाडांपुढे त्या हतबल आहेत. त्यांचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, आणि पेरण्याआधी ते धनेशाने खाऊन बाहेर टाकलेलं असेल तर उत्तमच. हेवाळे-बांबर्ड्याची जेमतेम अडीच हेक्टर जागा २०२१मध्ये वारसा स्थळ झाली. ती टिकली गावाने देवराई म्हणून राखल्यामुळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून अभ्यासक सांगत आले आहेत की आपल्याकडची खरी देशी वनस्पतिउद्यानं या देवराया आहेत. मला हे पटतं. अडचण एवढीच की देवराईत काय आहे याची नोंद नसते आणि ती तुटली तर पुन्हा कुठून लावायची याची तजवीज नसते. ते काम उद्यानाचं.

म्हणून मी उद्यानाची पारख एका साध्या गोष्टीवरून करतो, झाडाखालच्या पाटीवरून. शास्त्रीय नाव, मराठी नाव, कुळ एवढं असेल तर ती बाग. त्यापुढे कोणत्या डोंगरावरून, कोणत्या उंचीवरून, कोणत्या साली, किती झाडांचं बी आणलं ही नोंद, निदान कार्यालयातल्या वहीत, असेल तर ते संवर्धनाचं उद्यान. ही नोंद नसेल तर रोप रानात परत लावता येत नाही. कुठे लावणार? तोरण्याची वनस्पती तिलारीत नेऊन लावली तर तो घोटाळा आहे, संवर्धन नव्हे. आणि नेमकं ठिकाण पाटीवर सगळ्यांना वाचायला लिहूही नये, नाहीतर कंद उकरणारे आधी पोचतात.

ही नोंद नसल्याची किंमत आपण मोजतो आहोत. २०१७ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला. एवढी रोपं आली कुठून? देशी म्हणून लावलेल्या रोपांपैकी किती सह्याद्रीच्या बियांची, किती आंध्रातल्या रोपवाटिकांतून ट्रकने आलेली, हे कुणी विचारलं नाही. देवदारही भारतीयच, म्हणून तो साताऱ्यात लावायचा का? शिवाय सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांवर, जिथे मुळात गवत आणि विरळ हिवर-बोरी, तिथे खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे माळढोकाच्या घरात घुसणं. गवताळ माळाच्या वनस्पतींचं एकही उद्यान आपल्याकडे नावाजलेलं नाही. कुणाला ती जमीन वनस्पतींनी भरलेली आहे असं वाटतच नाही. पावसाळ्यात एकदा तिथे गुडघे टेकून बसावं, मग कळतं.

महाराष्ट्राला एक भव्य राज्यस्तरीय उद्यान हवं, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती चुकीची वाटते. कोकणच्या सड्यावरची वनस्पती, महाबळेश्वरच्या धुक्यातली, मराठवाड्याच्या खडकावरची आणि गडचिरोलीच्या जंगलातली एकाच आवारात सुखाने नांदणार नाहीत. पाणी देऊन, शेड घालून, एसी लावून त्या जगवल्या तरी रोपं मूळ जागी लावायला शेकडो किलोमीटर न्यावी लागतील. त्याऐवजी सहा-सात लहान उद्यानं हवीत, दोन-चार एकरांची का होईनात, पण रानाला लागून. एक रत्नागिरीच्या सड्यावर, एक आंबोलीच्या आसपास, एक माळरानात, एक पूर्व विदर्भात. प्रत्येकाने आपल्या हद्दीतल्या वीस-पंचवीस धोक्यातल्या जाती घ्याव्यात, प्रत्येक जातीची निदान पन्नास वेगवेगळ्या झाडांची संतती राखावी, आणि दर पावसाळ्यात काही रोपं मूळ जागी लावून तीन-चार वर्षं ती मोजत राहावीत. मेली तर मेली म्हणून लिहावं. मेलेल्या रोपांचे आकडे आपल्याकडे कुणी छापत नाही, त्यामुळे तीच चूक दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा होते.

आणि सगळ्यांत निकडीची गोष्ट माणसांची. आपल्याकडे असं काम बहुधा प्रकल्पावर चालतं. तीन वर्षांचा निधी येतो, दोन संशोधक विद्यार्थी आणि एक रोजंदारीचा माळी लागतो. संशोधकांची पीएच.डी. होते, निधी संपतो, माळ्याला घरी पाठवतात. त्याच्याबरोबर कोणती कुंडी कधी कोरडी ठेवायची, कोणती शेंग कोणत्या आठवड्यात तडकते हे सगळं ज्ञान निघून जातं, कारण ते कुठल्याही शोधनिबंधात उतरलेलं नसतं. वायनाडच्या स्त्रिया वर्षानुवर्षं त्याच बागेत आहेत म्हणून ती बाग आहे. रानजायफळाचं बी रुजून त्याला फळ धरायला जितका काळ लागतो, त्यात आपले पाच-सहा प्रकल्प येऊन जातील. विद्यापीठं, वनविभाग किंवा जैवविविधता मंडळ, ज्याच्याकडे उद्यान असेल त्याने पहिली मागणी इमारतीची किंवा प्रवेशद्वाराची न करता कायम माळ्यांच्या पदांची करावी, त्यातही आसपासच्या गावांतली गुराखी आणि कंद ओळखणारी माणसं घ्यावीत, आणि त्यांना पगाराबरोबर वहीही द्यावी, रोजची नोंद लिहायला.